गाव आलं की चालायचं

"गाव आलं. चाला आता."

हे म्हणताना बाई मागं वळून बघत नसत. उजवा हात खांद्याच्या वर, तळवा समोर. वर्गात गोंगाट वाढला की शिक्षक करतात तसा. तो हात दिसला की इतका वेळ जीव खाऊन पळणारी आम्ही पाच-सहा घामाघूम माणसं गुमान चालू लागायचो. गावाचं शेवटचं घर, शेवटचा उकिरडा मागं पडेपर्यंत चालायचं. भेटेल त्याला रामराम करायचा. कोणी "कोणतं गाव जी?" म्हणून विचारलं तर उभं राहून उत्तर द्यायचं. मग वावरं सुरू झाली की बाई म्हणायच्या, "हं, सुटा," आणि पुन्हा पळापळ सुरू.

धावणाऱ्या माणसांचे घोळके तुम्हीही पाहिले असतील. हल्ली तालुक्याच्या गावीसुद्धा पहाटे पहाटे भडक रंगाचे बूट घालून लोक पळताना दिसतात. पण गाव आलं की शिस्तीत चालू लागणारा घोळका बहुधा आमचा एकच असावा.

बाई म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. धामणगावात आमच्याच गल्लीत राहायच्या. यजमान लवकर गेले होते, मुलगी लग्न होऊन नागपूरला. साठीच्या आसपास त्यांना साखर निघाली. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं तर बाई पळायलाच लागल्या. "चालणं तं जन्मभर केलं," त्या म्हणायच्या, "त्यानं काय झालं? साखरच झाली ना?" खाली ट्रॅकपँट, वर गुडघ्यापर्यंत सुती कुडता, आणि कुडत्याला अडीअडचणीसाठी दोन-तीन पिना टोचलेल्या, असा त्यांचा पळण्याचा थाट होता. सुरुवातीला गल्लीतल्या बायका खिडकीआडून हसल्या. महिन्याभरानं त्यातल्याच एकीनं आपला नवरा त्यांच्या हवाली केला. तो नवरा म्हणजे मी. कापसाच्या जिनिंगमधल्या खुर्चीनं माझं पोट पार सुटलं होतं, आणि बायकोनं माझ्याशी चर्चाही न करता सगळं ठरवून टाकलं होतं.

गावात चालायचं कशासाठी, हे मी पहिल्याच रविवारी विचारलं होतं.

"गावात पळते कोण?" बाई म्हणाल्या. "ज्याच्या घरी काही झालं तो. कोणाले साप चावला, कोणी हिरीत पडलं, कोणी गेलं. माणूस पळताना दिसला का बाया चुलीवरचं टाकून भाईर येते. आपल्या पोटाच्या घेरापायी दुसऱ्याच्या काळजाचा ठोका काहून चुकवाचा?"

मला ते पटलं. तरी आमचे गजूभाऊ बोलायचे. त्यांचं कृषी केंद्र आहे, आणि मनगटावर एक महागडं घड्याळ. पळणं थांबलं की ते घड्याळ टुकटुक करत बोंबलायचं, आणि मग गजूभाऊही बोंबलायचे. "बाई, माह्या टायमिंगचं पार वाटोळं होऊन राह्यलं." बाई शांतपणे म्हणायच्या, "घड्याळाले सांगा, गाव आलं म्हणून."

रस्ते बाईच ठरवायच्या. डांबरी सडक त्यांना मुळीच चालत नसे. दोन वावरांच्या मधून बैलगाडी जाईल एवढी पांदण असते ना, त्या पांदणींनी त्या आम्हाला कुठून कुठं काढायच्या. एखाद्या गावात जुन्या गढीचा पांढऱ्या मातीचा ढिगारा असायचा, एखाद्यात पिंपळानं फोडलेली दगडी बारव. कुठं पाराखाली पडलेला एखादा कोरीव दगड, ज्याला लोकांनी शेंदूर लावून देव करून टाकलेला. जिनिंगमध्ये बसून मी त्या गावांचा कापूस वर्षानुवर्षं पाहिला होता, गावं मात्र बाईंमुळे पाहिली.

अकोल्याला एकदा मोठी शर्यत होती, तिथंही आम्ही गेलो. शहराबाहेर एका वस्तीतून रस्ता जात होता. वस्ती लागली आणि बाई सवयीनं चालू लागल्या, वर लोकांना रामराम. पाण्याचे ग्लास घेऊन उभे असलेले लोक घाबरले. "आजी, त्रास होतोय का? गाडी बोलवू?" बाई भडकल्या. "काहून? मले काय धाड भरली?" त्या शर्यतीत बाई शेवटून दुसऱ्या आल्या. शेवटचा मी. मी काही नियम पाळत नव्हतो, मला पळवतच नव्हतं.

अचलपूरला त्याहून फजिती झाली. गावाभोवतीच्या जुन्या परकोटाच्या कडेनं, एका वेशीपासून दुसऱ्या वेशीपर्यंत पळायचं असा बेत करून आम्ही एसटीनं तिथं पोचलो. पहिल्या वेशीतून आत शिरलो, बाईंचा हात वर गेला, आणि मग काही केल्या तो खाली येईना. जुनं गाव, गल्लीला गल्ली चिकटलेली. ते संपतं म्हणेस्तोवर परतवाडा सुरू. "बाई, संपलं का गाव?" गजूभाऊ दर कोपऱ्यावर विचारत. "नाई," बाई म्हणत. शेवटी परतवाड्याच्या स्टँडवर आम्ही भजी खाल्ली आणि पायाला धूळही न लागता घरी आलो. बाई मात्र खूश होत्या. एका वेशीखाली उभं राहून त्यांनी त्या दगडी कमानीकडे बराच वेळ पाहिलं होतं. "दिवस बुडला का हे दार लावत असतीन," त्या म्हणाल्या होत्या. "भाईर राह्यला तो राह्यला." मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

बाईंचा सगळ्यात लाडका रस्ता कौंडण्यपूरचा. फाट्यावर गजूभाऊंची गाडी लावायची आणि पांदणीनं पळत थेट वर्धेच्या काठावर निघायचं. थंडीत त्या वाटेवर दोन्ही बाजूंनी तुरी उभ्या असतात, अंग दवानं भिजून जातं. मधेच कापूस वेचणाऱ्या बाया पळणाऱ्या पोटवाल्या माणसांना हसतात. देवळात दर्शन घेऊन घाटावर बसलं की नदीचा वारा लागतो आणि घरी जाऊ नये असं वाटतं. कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचं माहेर. गजूभाऊ एकदा गमतीनं म्हणाले, "बाई, रुक्मिणीच्या माहेरी दर महिन्याले येता, तुमच्या माहेरी कधी नेता?" बाई नदीकडे बघत म्हणाल्या, "तिचा बी भाऊ रुसलाच होता." आणि उठून पळायला लागल्या.

त्यांचं माहेर खरं तर त्याच वाटेवर होतं. गावाचं नाव मी लिहीत नाही. बाईंचा भाऊ अजून आहे आणि तो रागीट आहे. सरळ पांदण त्या गावातून जाते, पण बाई आम्हाला अलीकडे नाल्यात उतरवून, वळसा घालून गावाच्या मागच्या अंगानं न्यायच्या. तिथं नाल्याकाठी एक वावर होतं आणि त्याच्या बांधावर निंबाचं झाड. झाडाखाली थांबायचं, पाणी प्यायचं. तिथून देवळाचा कळस दिसायचा, आणि कळसाच्या बाजूला एका घराची निळी माडी. वाटेतल्या यच्चयावत गावांना रामराम करणाऱ्या बाई त्या माडीकडे पाठ करून बसायच्या.

"हे वावर माह्यं हाय," एकदा त्यांनी आपणहून सांगितलं. "बाप गेला तवा दादानं कागद पुढं ठेवला. बहिणीनं हक्क सोडाचा अन् भावानं दिवाळीले लुगडं न्याचं, अशी रीत. मी म्हटलं, मी सही नाई करत. मले वावर नोको होतं. मले फक्त म्हणून घ्याचं होतं का मी बी या घरची लेक हाय. दादा काही बोलला नाई. मंग एक दिवस हे नाल्याकाठचं मोजून देलं अन् म्हणे, घे. आता तुहा-माहा एवढाच संबंध."

"मग?"

"मंग काय? वावर भेटलं, माहेर गेलं."

मला एकदम बाईंच्या मुलीचं लग्न आठवलं. नवरीला बोहल्यावर मामानं आणायचं असतं. त्या लग्नात मला आणायला लावलं होतं, शेजारी म्हणून. मामा आजारी असेल असं समजून मी टोपी घालून मिरवत गेलो होतो. तेव्हा बाई मांडवाच्या दाराकडे का बघत होत्या, ते मला त्या निंबाखाली कळलं.

"तुम्हीच जाऊन पाहा ना एकदा," मी म्हणालो.

"जाईन. पण त्यानं तोंड फिरवलं तं?" बाई म्हणाल्या. "आता निदान इथून घर तं दिसते. मंग इथं बसनं बी जमणार नाई मले."

त्यांना तेवढंच हवं होतं, पुढच्या वाटेनं, बोलावल्यावर, त्या घरी जायचं. त्यासाठी कितीही वर्षं मागच्या वाटेनं पळायची त्यांची तयारी होती. माझ्याच्यानं असं झालं नसतं. मी एक तर दारात जाऊन भांडलो असतो, नाही तर त्या दिशेला फिरकलोच नसतो.

आणि मग पौषातला तो रविवार आला. आदल्या दिवशी गजूभाऊ कुठं तरी तुपात बुडवलेल्या रोडग्यांच्या जेवणाला गेले होते आणि हात राखून जेवणं त्यांच्या स्वभावात नाही. नाल्याजवळ येताच त्यांनी पोट धरलं. "तुमी व्हा पुढं," म्हणाले आणि तुरीत शिरले. आम्ही नेहमीच्या वळशानं निंबाखाली पोचलो. गजूभाऊ तुरीतून बाहेर आले तेव्हा त्यांना कोणीच दिसेना. वळसा त्यांच्या लक्षात राहिला नाही. ते सरळ पांदणीला लागले आणि उशीर झाला म्हणून बाई बोलतील या भीतीनं असे काही सुटले की तसे ते आयुष्यात कधी पळाले नव्हते. समोर हात वर करायला बाई नव्हत्या. गजूभाऊ पळतच गावात शिरले.

पुढचं त्यांनी नंतर सांगितलं. पारावरची माणसं उठून उभी राहिली. निळ्या माडीच्या घरासमोर एक म्हातारा न्हाव्याकडून दाढी करून घेत बसला होता. गजूभाऊंनी पळता पळताच विचारलं, "मास्तरीणबाईचं वावर कोणीकडं हाय? निंबाचं झाडवालं?" कोणी तरी हात करून दाखवलं. कोणी तरी ओरडलं, "काय झालं जी?" गजूभाऊंना इतका दम लागला होता की तोंडातून शब्द निघेना. त्यांनी नुसता हात हलवला आणि तसेच पुढं पळाले.

आम्हाला झाडाखालून आधी धूळ दिसली, मग माणसं. गजूभाऊ मधेच कुठं तरी होते. सगळ्यांच्या पुढं, कपाशीतून आडवा, एक सत्तरीचा म्हातारा पळत येत होता. अनवाणी. गळ्यात न्हाव्याचं फडकं, एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर साबणाचा फेस.

बाई हातात पाण्याची बाटली घेऊन उभ्या होत्या. म्हातारा चार पावलांवर येऊन थांबला आणि त्यानं त्यांना डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.

"काय झालं तुले?"

"काही नाई."

"काहीच नाई?"

"नाई. पाणी पिऊन राह्यली."

म्हातारा मटकन बांधावर बसला. त्याचा श्वास भात्यासारखा चालला होता. आम्ही सगळे इकडेतिकडे बघू लागलो. गजूभाऊंना तर कुठं तोंड लपवावं कळेना.

"तो माणूस पळत आला," म्हातारा म्हणाला. "तुह्यं वावर विचारून राह्यला. मले वाटलं..."

"काय वाटलं?"

"तुले मालूम हाय काय वाटलं."

बाईंनी बाटलीचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "अन् खरंच काही झालं असतं, तं आला असता?"

"आलो नाई काय आता?" म्हातारा खेकसला.

बाई त्याच्यासमोर खाली बसल्या, त्याचं पाऊल उचलून मांडीवर घेतलं आणि कुडत्याची पिन काढली. बाभळीचे काटे होते, रक्तही आलं होतं. "सोड व," तो म्हणाला. "गप बस. लहानपणी बी असाच वरडे तू," बाई म्हणाल्या. काटे निघेपर्यंत म्हातारा वावराकडे बघत होता, आणि बघता बघता त्याचा आवाज चढला. "धुरा फुटला, दिसत नाई काय तुले? सारी माती नाल्यात चालली. कोणाले वाह्याले देलं हे? असं वाह्यते का कोणी वावर?" बाईही चढल्या. "मंग चांगलं काहून नाई देलं? नाल्याकाठचंच काहून देलं?" दोघं असे काही तावातावानं भांडू लागले की गावातून आलेली माणसं निवांत झाली आणि तंबाखू मळायला लागली.

मग म्हातारा उठला. "चाल," तो म्हणाला. "चहा घे घरी."

बाईंनी पहिल्यांदा स्वतःच्या कपड्यांकडे पाहिलं. ती ट्रॅकपँट, तो घामानं भिजलेला कुडता. इतकी वर्षं वाट पाहिली, आणि आता बोलावणं आलं तर अंगावर लुगडं नाही. "अशी येऊ?" त्या म्हणाल्या. "डोक्यावर घ्याले बी काही नाई."

"लेकीले कायचा पदर?" म्हातारा म्हणाला. "सून हाय का तू इथची?"

 बाईंनी तोंड फिरवून डोळे पुसले. माझेही भरून आले होते, आणि त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

पुढच्या वाटेनं आम्ही सगळे गावात गेलो. न्हावी वस्तरा हातात घेऊन तिथंच बसला होता. बाईंची वहिनी दारात आली. तिनं नवऱ्याच्या पायांकडे पाहिलं, मग बाईंकडे. "लय उशीर केला व बाई," एवढंच म्हणाली आणि पाय धुवायला पाणी आणलं. आम्हाला ओसरीवर चहा आणि चिवडा मिळाला. उरलेला गाल भादरून घेता घेता म्हातारा गजूभाऊंवर डाफरत होता. "अन् तुमी? गावातून असं पळते का कोणी? काही रीतभात?" गजूभाऊ मान खाली घालून चिवडा खात होते. चिवडा त्यांनी दोनदा घेतला.

त्यानंतर बाई आमच्या राहिल्या नाहीत. आधी त्या फाट्यावर उतरून सरळ पांदणीनं माहेरी जायच्या आणि आम्ही कौंडण्यपूर करून परतताना त्यांना घ्यायचो. मग शनिवारीच एसटीनं जाऊ लागल्या. मग धामणगावातल्या घराला महिना महिना कुलूप दिसू लागलं. आम्ही पळत होतो, पण गावात शिरताना कोणी तरी "गाव आलं" म्हणायचं आणि कोणालाच ते नीट म्हणता येत नसे.

अधूनमधून आम्ही त्यांना भेटायला जायचो. बहीण-भाऊ ओसरीवर एकमेकांकडे पाठ करून बसलेले असायचे. "भांडले काय?" मी वहिनींना हळूच विचारायचो. "रोजचंच हाय," त्या हसायच्या. "सकाळी भांडते, मंग बोलत नाई. एक दिवस हे पह्यले बोलते, एक दिवस बाई. जशी पाळी लावली." पूर्वीचा अबोला वर्षानुवर्षं चालला होता, हा जेवणाच्या वेळेपर्यंत टिकत नसे. बाई अंगानं भरल्या होत्या. पळणं सुटलं म्हणून मी रागावलो तर म्हणाल्या, "आता कुठं जाचं हाय मले पळून?"

मागच्या वर्षी, तुरी घरात आल्यानंतर, बाई गेल्या. तिथंच, माहेरच्या घरी, दुपारी पडल्या त्या उठल्याच नाहीत. आम्ही पोचलो तेव्हा सगळा गाव जमला होता. मुलगी नागपूरहून आली. म्हातारा कोणाशी बोलला नाही, रडलाही नाही. लोक म्हणाले, मनानं घट्ट आहे.

पंधराएक दिवसांनी मी आणि गजूभाऊ पुन्हा गेलो. वहिनी म्हणाल्या, ते वावरात आहेत. म्हातारा निंबाखाली बसला होता. आम्हीही बसलो.  शेवटी गजूभाऊंना राहवेना.

"झोपेत गेल्या भाऊ. त्रास नाई झाला बाईले," ते म्हणाले.

म्हाताऱ्यानं मान हलवली. बांधावरची माती हातात घेऊन तो ती कुस्करत राहिला.

"त्या दिवशी सकाळी भांडलो आमी," तो म्हणाला. "कायच्यावरून ते आता याद बी नाई. जेवणं झाले तरी बोललो नाई मी. म्हटलं, झोपून उठली का बोलन."

मग तो आमच्याकडे वळला, जणू आम्ही त्याला दोष देणार होतो.

"आदल्या दिवशी मी बोललो होतो पह्यले," तो म्हणाला. "त्या दिवशी तिची पाळी होती."